प्रयोगशाळेबाहेरचं बायोटेक: विज्ञानाची पदवी नसताना या उद्योगात कसं शिरायचं

१९८३ साली हेन्री टर्मीर हे जेन्झाइम या जेमतेम दोन वर्षांच्या बायोटेक कंपनीत अध्यक्ष म्हणून रुजू झाले. त्यांचं शिक्षण अर्थशास्त्राचं, त्यावर एमबीए. गोशे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात शरीरात एक विकर (एन्झाइम) कमी पडतं, ते बाहेरून देता येईल का, यावर अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेत बराच पाया घातला गेला होता. जेन्झाइमपुढचा प्रश्न वेगळ्या जातीचा होता. ते विकर सुरुवातीला माणसाच्या वारेतून (प्लॅसेंटातून) काढावं लागे, आणि एका रुग्णाला वर्षभर पुरेल एवढं औषध मिळवायला हजारो प्रसूतींमधली वार गोळा करावी लागे. ती कुठून आणायची, कशी साठवायची, प्रत्येक खेपेची नोंद कशी ठेवायची, इतक्या थोड्या रुग्णांसाठी एवढा खर्च कोण उचलणार? १९९१ मध्ये ते औषध मंजूर झालं. त्यामागे शास्त्रज्ञ होते, तसेच खरेदी, वाहतूक, करार, हिशेब आणि नोंदी सांभाळणारेही होते.

ही गोष्ट आधी सांगण्याचं कारण असं, की 'मी बायोलॉजी घेतलं नाही, म्हणजे बायोटेक माझ्यासाठी नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकते. ते बोलणाऱ्यांत बँकेत ऑडिट करणारे असतात, प्रकाशनात पानं लावणारे असतात, विम्याचे दावे तपासणारे असतात. या प्रत्येकाच्या हातातलं कौशल्य बायोटेक कंपनीला रोज लागतं. औषध बनवणारी कंपनी औषधासोबत त्या औषधाचा पुरावाही तयार करत असते: ते कसं बनलं, कुणावर तपासलं, काय त्रास झाला, कुठल्या तापमानात पोहोचलं. हा पुरावा गोळा करणं, जपणं आणि वेळेवर सादर करणं, यातच प्रयोगशाळेबाहेरच्या बहुतेक नोकऱ्या आहेत. तिथवर कसं पोहोचायचं, ते क्रमाने सांगते.

पायरी १: एका औषधाचा माग काढा

नोकरीच्या जाहिराती वाचण्याआधी हे करा. मंजूर झालेलं एखादं जैविक औषध, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं औषध, निवडा आणि त्याचा सुरुवातीपासूनचा प्रवास एका कागदावर मांडा. लागणारी बरीच माहिती फुकट आणि उघड उपलब्ध असते. युरोपची औषध संस्था मंजूर औषधांचे मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या 'ड्रग्ज ॲट एफडीए' या साठ्यात कित्येक औषधांची परीक्षणाची कागदपत्रं मिळतात. 'क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह'वर चाचण्यांची नोंद सापडते.

सगळं समजलं पाहिजे असं नाही. वाचताना एकच प्रश्न विचारत राहा: हे वाक्य इथे यावं म्हणून कुणाला काय काम करावं लागलं असेल? 'चाचणी अकरा देशांत झाली' असं वाचलंत, तर त्यामागे रुग्णालयांशी झालेले करार, नीतिसमित्यांच्या परवानग्या, संमतिपत्रांची भाषांतरं, औषधाच्या खेपा आणि तपासनीसांचे दौरे दिसायला लागतील. दोन-तीन संध्याकाळींत तुमच्याकडे या उद्योगाचा असा नकाशा असेल, जो महागड्या अभ्यासक्रमांतही क्वचित मिळतो.

एक गोष्ट तेव्हाच मनाशी पक्की करा. माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत उतरणाऱ्या औषधांपैकी साधारण दहातलं एकच शेवटी बाजारात येतं. बाकीची वाटेत थांबतात, आणि त्यांच्यासोबत प्रकल्प, कधीकधी पूर्ण कंपन्याही थांबतात. नोकरी निवडताना हे पुढे उपयोगी पडेल.

पायरी २: आपलं आजचं काम त्या नकाशावर ठेवा

इथे घाई करू नका. बहुतेकजण 'मला मॅनेजमेंटमध्ये जायचंय' असं मोघम बोलतात आणि अडकतात.

*गुणवत्ता आणि दस्तऐवज.* विज्ञानाबाहेरून येणाऱ्याला मी सर्वांत आधी हे दार सुचवेन. औषधाची प्रत्येक बॅच बनताना एक बॅच रेकॉर्ड भरला जातो: कोणती सामग्री, किती वाजता, कोणत्या यंत्रात, कुणाच्या हातून. काही ठरल्याप्रमाणे झालं नाही तर 'डेव्हिएशन' उघडतं, त्याचं कारण शोधलं जातं, पुन्हा होऊ नये म्हणून 'कॅपा' म्हणजे दुरुस्तीची आणि प्रतिबंधाची कृती ठरते. कार्यपद्धतीत बदल करायचा तर 'चेंज कंट्रोल' लागतो. हे सगळं तपासणारा, क्रमांक देणारा, मुदती सांभाळणारा, जुन्या एसओपी (ठरवून दिलेल्या लेखी कार्यपद्धती) मागे घेऊन नव्या लागू करणारा जो विभाग असतो, त्यातल्या 'डॉक्युमेंट कंट्रोल'च्या जागांवर वेगवेगळ्या पदव्यांची माणसं काम करतात.

या कामाचा कणा म्हणजे नोंदीचे पाच नियम, ज्यांना उद्योगात 'अल्कोआ' म्हणतात. नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम होतानाच केलेली हवी, मूळ हवी आणि अचूक हवी. चूक झाली तर त्यावर एकच रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, गरज असेल तिथे कारण. पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. ज्याने बँकेच्या किंवा न्यायालयाच्या नोंदी सांभाळल्या आहेत, त्याला हे सहज पटतं.

हे काम किती महत्त्वाचं आहे ते पुन्हा जेन्झाइमच्याच इतिहासात दिसतं. गोशेवरचं औषध पुढे, १९९४ पासून, प्राण्यांच्या संवर्धित पेशींमध्ये बनू लागलं. २००९ मध्ये कंपनीच्या बॉस्टनमधल्या कारखान्यात त्या पेशींना विषाणूची लागण झाली. माणसाला त्या विषाणूपासून धोका असल्याचं दिसलं नव्हतं, पण पेशींची वाढ खुंटत होती. उत्पादन थांबवून कारखाना निर्जंतुक करावा लागला. दोन दुर्मीळ आजारांवरच्या औषधांचा तुटवडा पडला आणि उरलेला साठा कुणाला आधी द्यायचा, हे ठरवायची वेळ आली. त्या महिन्यांत रुग्णांच्या कुटुंबांशी बोलणारे, साठ्याचा हिशेब ठेवणारे, नियामकांना, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थांना, उत्तरं लिहिणारे किती कामाला लागले असतील, याचा विचार करा.

*चाचण्यांची व्यवस्था.* क्लिनिकल ऑपरेशन्समध्ये 'क्लिनिकल ट्रायल असिस्टंट' ही प्रवेशाची जागा. 'ट्रायल मास्टर फाइल' (टीएमएफ) म्हणजे चाचणीची संपूर्ण कागदोपत्री कहाणी. ती पूर्ण आणि अद्ययावत ठेवणं हे या माणसाचं मुख्य काम. सोबत रुग्णालयांशी पत्रव्यवहार, बैठकांची टिपणं, देयकांचा पाठपुरावा. पुढची पायरी चाचणी-केंद्रांवर जाऊन तपासणी करणाऱ्या 'सीआरए'ची. तिथे मात्र बऱ्याच कंपन्या जीवशास्त्र, औषधशास्त्र किंवा नर्सिंगची पदवी मागतात. नर्सिंगमधून येणाऱ्यांना इथे मोठा फायदा असतो, कारण रुग्णालय आतून कसं चालतं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

*नियामक कामकाज.* नव्या औषधाचा अर्ज 'सीटीडी' या आंतरराष्ट्रीय साच्यात जातो. त्याचे पाच भाग: पहिला त्या त्या देशाची प्रशासकीय कागदपत्रं, दुसरा सारांश, तिसरा गुणवत्ता आणि उत्पादन, चौथा प्राण्यांवरचा आणि प्रयोगशाळेतला अभ्यास, पाचवा माणसांवरच्या चाचण्या. कोणता पुरावा कधी द्यायचा ही रणनीती ठरवायला विज्ञान लागतं. पण हजारो पानांचा हा अर्ज इलेक्ट्रॉनिक स्वरूपात बांधणं, दुवे जोडणं, आवृत्त्या जुळवणं, रचनेतल्या चुका काढणं हे 'रेग्युलेटरी ऑपरेशन्स'चं काम आहे. प्रकाशन, ग्रंथालय किंवा माहिती तंत्रज्ञानातून आलेली माणसं इथे चांगली रुळतात.

*औषधांचे दुष्परिणाम नोंदवणं.* विम्याचे दावे तपासणाऱ्यांनी इकडे जरूर पाहावं. आलेली तक्रार पूर्ण आहे का, एकाच घटनेच्या दोन नोंदी झाल्या आहेत का, मुदत किती उरली आहे, हे पाहायचं असतं. मुदती कडक असतात. चाचणीतल्या औषधामुळे अनपेक्षित आणि जीवघेणी घटना घडल्याचा संशय असेल, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नियामकाला ७ दिवसांत कळवावं लागतं. इतर गंभीर अनपेक्षित घटनांना १५ दिवस. हे कामाचे दिवस नव्हेत, सुट्ट्या धरून मोजलेले दिवस. वैद्यकीय निष्कर्ष डॉक्टर काढतात, पण नोंद हाताळणारा ढिला पडला तर डॉक्टरपर्यंत ती पोहोचतच नाही. काही कंपन्या या जागांसाठीही आरोग्यक्षेत्राची पदवी मागतात, तेव्हा जाहिरात नीट वाचा.

*पुरवठा साखळी.* बरीच जैविक औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात. पेशी-उपचारांनी हे काम आणखी नाजूक केलं आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत पहिला कार-टी उपचार मंजूर झाला. त्यात रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून कारखान्यात पाठवतात, बदलतात आणि त्याच रुग्णाला परत देतात. एक पिशवी, एक रुग्ण. विमान चुकलं किंवा चिठ्ठी बदलली तर भरपाई म्हणून दुसरी पिशवी गोदामात नसते. ज्यांनी नाशवंत मालाची वाहतूक सांभाळली आहे, त्यांच्या अनुभवाला इथे खरी किंमत आहे.

*पैसा आणि करार.* छोट्या बायोटेक कंपनीला कित्येक वर्षं विक्रीच नसते. त्यामुळे 'हातातला पैसा किती महिने पुरेल' हा तिथल्या हिशेबाचा केंद्रबिंदू, ज्याला 'रनवे' म्हणतात. चाचणी-केंद्रांनी काम केलंय पण बिल अजून आलेलं नाही, अशा खर्चाचा दरमहा अंदाज धरणं ही तिथल्या लेखापालाची खास कसरत. करारांचं वजनही मोठं. जेनेन्टेक या बायोटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये जिवाणूंच्या मदतीने मानवी इन्सुलिन तयार केलं, आणि त्याच वर्षी कंपनीने एली लिली या मोठ्या औषध कंपनीशी करार केला. बाजारात आणण्याची ताकद लिलीकडे होती. १९८२ मध्ये ते इन्सुलिन मंजूर झालं. असे करार शोधणं, वाटाघाटी करणं आणि नंतर वर्षानुवर्षं पाळले जातात का हे पाहणं, यावर 'बिझनेस डेव्हलपमेंट' आणि 'अलायन्स मॅनेजमेंट' हे विभाग चालतात.

बाकीची क्षेत्रं थोडक्यात: प्रकल्प व्यवस्थापन, संगणकप्रणालींची वैधता तपासणी, मनुष्यबळ, प्रशिक्षण, गुंतवणूकदारांशी संवाद, रुग्णसंघटनांशी संबंध, विमा-यंत्रणांकडून औषधाला मान्यता मिळवण्यासाठीचं अर्थशास्त्रीय काम. रुग्णसंघटनांना कमी लेखू नका. अमेरिकेतला १९८३ चा दुर्मीळ आजारांच्या औषधांचा कायदा संमत होण्यामागे ॲबी मायर्स यांच्यासारख्या, घरात दुर्मीळ आजार असलेल्या पालकांची चिकाटी होती.

आता जिथे पदवीशिवाय शिरणं खरंच कठीण आहे ती दारं. डॉक्टरांशी वैज्ञानिक चर्चा करणारा 'एमएसएल', बहुतेक देशांत पेटंट एजंट, आणि चाचण्यांचे अहवाल लिहिणारा वैद्यकीय लेखक, यांच्याकडून विज्ञानाचं औपचारिक शिक्षण अपेक्षित असतं. वैद्यकीय लेखकाच्या शेजारी बसणारा संपादक किंवा दस्तऐवज-तपासनीस होता येतं. सुरुवात तिथून करा.

पायरी ३: पुरेसं विज्ञान शिका

'पुरेसं' म्हणजे किती? माझी कसोटी अशी: तुमच्या विभागाच्या बैठकीत चाललेलं बोलणं समजलं पाहिजे आणि योग्य ठिकाणी प्रश्न विचारता आला पाहिजे. त्यासाठी डीएनएपासून प्रथिन कसं बनतं, रासायनिक गोळी आणि पेशींकडून बनवून घेतलेलं प्रथिन यांत फरक काय, ॲन्टिबॉडी म्हणजे काय, जैविक औषधाची हुबेहूब नक्कल का करता येत नाही, चाचणीचे तीन टप्पे कशासाठी, प्लासिबो आणि 'डबल ब्लाइंड' म्हणजे काय, एवढं नीट यायला हवं. रोज तास-दीड तास दिला तर दोन-तीन महिन्यांत हे जमतं.

पाठांतर करू नका. शिकलेली प्रत्येक गोष्ट पायरी १ मधल्या तुमच्या औषधाला लावून पाहा. आणि दर आठवड्याला एक संकल्पना घरातल्या कुणाला तरी सोप्या मराठीत समजावून सांगा. जिथे अडखळाल, तिथे परत वाचायची गरज आहे.

पायरी ४: प्रमाणपत्रं, पण जपून

चाचण्यांच्या बाजूला जायचं असेल तर 'जीसीपी' म्हणजे चांगल्या चिकित्सा-चाचणी पद्धतीचं प्रशिक्षण आधी घ्या. ते ऑनलाइन, थोड्या वेळात, बऱ्याचदा अल्प खर्चात होतं. मात्र ते नव्या आवृत्तीवर आधारलेलं आहे ना, ते पाहा. 'ई-सिक्स' या मूळ मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी सुधारणा जानेवारी २०२५ मध्ये स्वीकारली गेली. उत्पादनाच्या बाजूला 'जीएमपी'ची, म्हणजे चांगल्या उत्पादन पद्धतीची, तोंडओळख करून घ्या. प्रकल्प व्यवस्थापनात 'पीएमपी' या आणि नियामक कामात 'आरएसी' या प्रमाणपत्राला मान आहे, पण ही दोन्ही अनुभव मिळाल्यावर करायची आहेत.

'हमखास नोकरी' देणारा महागडा पदविका अभ्यासक्रम समोर आला, तर आधी तिथल्या माजी विद्यार्थ्यांना गाठा आणि ते आज नेमकं काय काम करतात ते विचारा. उत्तर मोघम आलं तर पैसे घरीच ठेवा.

पायरी ५: योग्य दार ठोठवा

नवशिक्यांची सरसकट चूक म्हणजे फक्त नावाजलेल्या औषध कंपन्यांना अर्ज करणं. यातलं बरंच काम या कंपन्या बाहेर देतात. चाचण्या चालवून देणाऱ्या संस्थांना 'सीआरओ' आणि दुसऱ्यांसाठी उत्पादन करणाऱ्यांना 'सीडीएमओ' म्हणतात. तिथे नवी माणसं तुकड्यांनी भरती होतात, प्रशिक्षण मिळतं आणि वर्ष-दोन वर्षांत अनेक प्रकल्प पाहायला मिळतात. कामाचा ताण जास्त असतो, हेही खरं. ठरावीक मुदतीच्या जागाही नाकारू नका. मोठी तपासणी किंवा मोठा अर्ज तोंडावर आला की कंपन्यांना तातडीने हात लागतात.

शोधताना पदांची अचूक नावं वापरा: डॉक्युमेंट कंट्रोल असोसिएट, क्लिनिकल ट्रायल असिस्टंट, टीएमएफ स्पेशालिस्ट, रेग्युलेटरी पब्लिशिंग असोसिएट, ट्रेनिंग कोऑर्डिनेटर, क्लिनिकल कॉन्ट्रॅक्ट्स असोसिएट. 'बायोटेक जॉब' असं शोधलं तर बहुधा प्रयोगशाळेतल्या जागाच समोर येतील.

पायरी ६: बायोडेटा त्यांच्या भाषेत लिहा

खोटं काही लिहायचं नाही, फक्त आपलं खरं काम त्यांना ओळखू येईल असं मांडायचं. समजा कुणी लिहिलंय: 'शाखेतील कागदपत्रांची देखभाल केली.' यातून काहीच कळत नाही. तेच असं लिहा: 'नियामक तपासणीच्या कक्षेतील ग्राहक-नोंदींच्या आवृत्त्या आणि साठवणकाळ सांभाळला, अंतर्गत ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटींची कारणं शोधून मुदतीत दुरुस्ती पूर्ण केली.' दुसरं वाक्य वाचताना गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला डेव्हिएशन आणि कॅपा डोळ्यांसमोर दिसतील. किती नोंदी, किती मुदती, किती त्रुटी, हे तुमचे खरे आकडे त्यात घाला.

सोबत पायरी १ मधला कागद स्वच्छ करून दोन पानांत जोडा. पदवीची उणीव भरून काढायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

पायरी ७: मुलाखतीत त्यांनाही विचारा

'विज्ञानाची पदवी नाही, मग कसं जमेल?' हा प्रश्न येणारच. बचाव करत बसू नका. 'विज्ञानाचा निर्णय माझ्याकडे नसेल. तो ज्या कागदांवर उभा राहतो ते पूर्ण, अचूक आणि वेळेवर असतील, ही जबाबदारी माझी असेल,' असं म्हणा आणि लगेच आपल्या कामातलं एक उदाहरण द्या. दबावाखाली नियम वाकवायला कुणी सांगितलं तर काय कराल, हेही विचारतील. आधीच्या नोकरीत असा प्रसंग आला असेल तर नाव न घेता, जसा घडला तसा सांगा.

तुम्ही विचारायचे प्रश्न: कंपनीचे किती प्रकल्प कोणत्या टप्प्यात आहेत? मोठ्या चाचणीचा निकाल कधी अपेक्षित आहे? आत्ताचा पैसा किती काळ पुरेल? मागच्या नियामक तपासणीत काय निघालं? एकाच औषधावर उभ्या असलेल्या कंपनीत रुजू होताना तिच्या निकालाची तारीख माहीत असलीच पाहिजे. निकाल विरोधात गेला तर पुढे किती महिने पगार चालेल, याचा अंदाज घरच्यांसोबत मांडून मगच होकार द्या.

रुजू झाल्यावर

पहिल्या महिन्यात वरिष्ठांकडे एक विनंती करा: मला एक संपूर्ण बॅच रेकॉर्ड किंवा चाचणीची एक पूर्ण फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू द्या. परवानगी असेल तर उत्पादनाच्या जागेला भेट द्या, एप्रन चढवून आत जायला किती वेळ लागतो ते स्वतः अनुभवा. मग दुपारी चार वाजता 'एक सही राहिलीय, परत आत जाऊन कराल का?' असं विचारताना समोरच्या माणसाला काय करावं लागणार आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. आणि एक वही ठेवा, अनोळखी शब्दांची. सुरुवातीला दिवसाला वीस शब्द लिहाल. बैठकीत लाजून गप्प बसण्यापेक्षा बैठक संपल्यावर शेजारच्या शास्त्रज्ञाला त्यातले दोन विचारा. आपलं काम समजून घेऊ पाहणाऱ्या माणसाला ते बहुधा वेळ काढून आनंदाने सांगतात.